बापांना दिलेली ताकीद आणि मुलांचे कान

नाताळनंतरच्या पवित्र कुटुंबाच्या सणाला कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील उतारा आपल्याकडे वाचला जातो. त्याचे विसावे वचन मुलांना आज्ञापालन सांगते. एकविसावे बापांना बजावते की, त्यांनी मुलांना चिरडीस आणू नये. प्रवचनात भर पडतो तो बहुधा विसाव्या वचनावर. आईबापांनाही तो रुचतो! संक्षिप्त वाचन निवडले तर सतराव्या वचनावरच थांबतो आणि दोन्ही आज्ञा गळून जातात.

चिरडीस आलेल्या मुलाला राग येतो, परंतु तो बोलून दाखविण्याची त्यास मुभा नसते. त्याचा परिणाम सांगताना मूळ ग्रीकमध्ये ‘अथुमेओ’ हे क्रियापद आले आहे. ‘थुमोस’ म्हणजे मनाची उभारी. तीच नाहीशी होणे. रोमन नागरिकाच्या घरात पित्याची सत्ता मुलगा प्रौढ झाला तरी संपत नसे. कायद्याने ती त्याच्या प्राणावरही चाले. अशा काळात हे पत्र मंडळीत मोठ्याने वाचले जाई. मुलांना थेट उद्देशून आज्ञा आहे, त्याअर्थी मुलेही तेथे बसलेली असणार. बापाला मिळालेली ताकीद मुलाने स्वतःच्या कानांनी ऐकली, हे या उताऱ्याचे खरे वैशिष्ट्य होय.

आता आपल्या घरांकडे वळू. बेळगाव-खानापूरकडील मूल कन्नड वा इंग्रजी शाळेत जाते, इंदूरचे हिंदी. सायंकाळची रोझरी मात्र मराठीत. वाचताना मूल अडखळते आणि बाप पाहुण्यांदेखत हसतो. मराठी टिकावी ही कळकळ योग्यच. परंतु त्या हसण्याने मुलाच्या मनात मराठीविषयी व प्रार्थनेविषयी एकदमच अढी बसते. त्याला दशक पुरे करू द्यावे, चूक मागाहून एकांतात सांगावी.

धर्मशिक्षकांनीही आपला वाटा तपासावा. मूल तीन रविवार वर्गास आले नाही, ही तक्रार देवळाच्या दारात, चारचौघांत बापाच्या कानी घातली की बापाची अब्रू दुखावते व सायंकाळी मुलाची पाठ शेकते. त्यापेक्षा आधी मुलासच कारण विचारावे. मग घरी जाऊन, मुलाच्या समक्ष, त्याच्या एखाद्या गुणापासून बोलण्यास आरंभ करावा. येशू मंदिरात सापडला तेव्हा मरियेनेही व्यथा न लपविता प्रथम प्रश्नच विचारला (लूक २:४८). उत्तर मातापित्यांस उमगले नाही, तरी तो त्यांच्याबरोबर घरी परतला. ‘आमोरिस लेतित्सिया’ (२०१६) या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी हेच सुचविले आहे: मूल या क्षणी कोठे आहे यापेक्षा त्याचे अंतःकरण कोठे आहे, हे जाणून घेणे अधिक महत्त्वाचे (परिच्छेद २६१).

येत्या सणाला वाचन पूर्ण, एकविसाव्या वचनापर्यंत घ्यावे आणि मुलांना पुढच्या बाकांवर बसवावे.