हटून बसलेला बोल्ट

मोटरसायकलच्या ब्रेकचे पॅड बदलणे हे तसे अर्ध्या तासाचे काम. पण पुष्कळदा ते सबंध दिवस खाते, आणि दिवस खाणारा असतो एकच बोल्ट. पाना लावावा, जोर करावा, तर बोल्ट जागचा हलत नाही. आणखी जोर करावा, तर कोपरे गोल होऊन पाना गरगर फिरू लागतो. आरशाचा बोल्ट अर्धवट राहिला तर फार तर आरसा हलेल. कॅलिपरचा बोल्ट तसा राहिला तर घाट उतरताना काय होईल, ते सांगायला नको. म्हणून या हट्टी बोल्टाची समजूत कशी घालायची, ते आज पाहू.

बोल्ट मुळात अडतो का? कॅलिपर म्हणजे ब्रेकच्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग. तो बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाचा असतो, बोल्ट पोलादी. दोन निराळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये पावसाचे पाणी, म्हणजे एक छोटा विद्युत्घटच तयार झाला! अ‍ॅल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत दाटून बसते. पोलादाला गंज चढला, तर तो गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. कोकणपट्टीत खारी हवा यात भर घालते, कारण मिठाच्या पाण्यातून वीज अधिक सहज वाहते.

आता उपाय. पहिला उपाय म्हणजे घाई न करणे. बोल्टाच्या डोक्याकडे समोरून पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. गाडीखाली आडवे होऊन मागच्या बाजूने हात घातला, की ही दिशा उलटी भासते, आणि सोडायला गेलेला माणूस बोल्ट आवळत बसतो!

पुष्कळ कॅलिपरचे बोल्ट षट्कोनी खाचेचे असतात. त्या खाचेत चिखल आणि ब्रेकची भुकटी घट्ट बसलेली असते. दाभणाने ती कोरून काढा. मग योग्य मापाची अ‍ॅलन की हातोडीने हलकेच ठोकून तळापर्यंत बसवा. की वरवर टेकली, तर कोपरे गेलेच म्हणून समजा. गोल टोकाची की पहिल्या झटक्यासाठी वापरू नका. आणखी एक युक्ती: पॅडची पिन सैल करायची असेल, तर कॅलिपर गाडीवर असतानाच करा. सुटा कॅलिपर हातात धरून जोर लावताच येत नाही.

तरीही हलत नाही? मग गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचे दोनचार थेंब आट्यांच्या तोंडाशी सोडा आणि रात्रभर गाडी तशीच ठेवा. मात्र तेलाचा एकही थेंब पॅडवर किंवा चकतीवर जाता कामा नये. तेल प्यालेला पॅड फेकूनच द्यावा लागतो. सकाळी बोल्टाच्या डोक्यावर पोगर ठेवून हातोडीचे दोनतीन नेमके ठोके द्या. ठोक्याने गंजाचा थर तडकतो. नंतर बोल्ट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असा मागेपुढे करा.

तिसरा उपाय उष्णतेचा. तापमान शंभर अंशांनी वाढले, तर एक मीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढते. पोलाद सुमारे १.२. म्हणजे बोल्टाभोवतीचा भाग तापवला, की त्याची पकड ढिली पडते. चकतीच्या बोल्टांना पुष्कळदा आटे चिकटवणारा डिंक लावलेला असतो. तोही उष्णतेने मऊ होतो. पण यासाठी गरम हवेचे यंत्र वापरा. पेट्रोलच्या टाकीजवळ ज्योत नेणे म्हणजे आपणहून संकटाला बोलावणे. कॅलिपरच्या आत रबरी सील आणि ब्रेकचे तेल असते; कॅलिपर फार तापवला, तर सील नवे घाला. क्लोरीन असलेल्या ब्रेक-क्लीनरने धुतलेला भाग कधीही तापवू नका. त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू निघू शकतो.

कोपरे आधीच गेले असतील तर? खाचेत किंचित मोठ्या मापाचे टॉर्क्स बिट ठोकून बसवा; त्याचे सहा दात उरलेल्या धातूत रुततात. डोके बाहेर असेल, तर कानशीने त्याच्या दोन बाजू सपाट करून पकड-पान्याने धरा. नाहीच जमले, तर वेल्डिंगवाल्याकडून डोक्यावर एक नट जोडून घ्या, पण त्याआधी बॅटरीची तार सोडा. नटामुळे पान्याला धरायला जागा मिळते आणि वेल्डिंगची ऊष्माही आपले काम करते.

अगदी शेवटचा उपाय ड्रिलचा. पोगराने बरोबर मध्यभागी खूण करा आणि बारीक ड्रिलपासून सुरुवात करा. डोके निघाले की ताण जातो, आणि उरलेले खोड पुष्कळदा पकडीने सहज फिरते. तुटका बोल्ट काढण्याचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मात्र जपून वापरा. तो कठीण पोलादाचा असतो. आत मोडला, तर त्याला साधे ड्रिल लागत नाही.

थांबायचे केव्हा, हेही कळले पाहिजे. जोर करताना बोल्ट रबरासारखा पिळल्यासारखा वाटला, तर तो सुटत नसून तुटायच्या बेतात आहे. तेथेच हात आवरा. पुन्हा तेल, पुन्हा उष्णता. हवा काढण्याचे निपल तर आतून पोकळ असते, म्हणून ते फारच लवकर मोडते.

बोल्ट निघाला, पण काम संपले नाही. डोके खराब झालेला बोल्ट ‘एवढ्या वेळेपुरता’ म्हणून परत लावू नका. कंपनीचाच नवा बोल्ट घ्या. कॅलिपरमधले आटे गेले असतील, तर स्प्रिंगसारखे पोलादी आटे बसवणाऱ्या कारागिराकडे जा. डिंक किंवा टेप हा त्यावर उपाय नव्हे. ग्रीस कोठे लावायचे आणि डिंक कोठे, हे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहा, आणि बोल्ट टॉर्क-रेंचने सांगितलेल्या मापापर्यंतच आवळा. अंदाजाने ‘अजून थोडं’ आवळलेला बोल्टच पुढच्या खेपेला हट्ट धरतो.

आणि निघण्यापूर्वी ब्रेकचा दांडा पुन्हा पुन्हा दाबा, तो हाताला घट्ट लागेपर्यंत. नवे पॅड घातल्यावर पहिले काही दाब पोकळ जातात. ते अंगणातच जाऊ द्यावेत, रस्त्यावर नव्हे. मग अंगणातच गाडी हळू चालवून दोनचार वेळा थांबवून पाहा, आणि त्यानंतरच फाटकाबाहेर काढा.