शेवटची नजर कॅप्टनची

२ ऑक्टोबर १९९६. मध्यरात्र उलटल्यावर पेरूतल्या लिमाहून एरोपेरूचे बोइंग ७५७ चिलीतल्या सँतियागोला निघाले. जमीन सुटताच उंची आणि वेगाची उपकरणे भलतेच आकडे दाखवू लागली. वेग अति झाल्याचा आणि फार घटल्याचा, असे दोन्ही इशारे एकाच वेळी मिळू लागले. खाली काळाकुट्ट पॅसिफिक. वैमानिक नियंत्रण कक्षाला उंची विचारत राहिले. पण तिथल्या पडद्यावरचा आकडाही याच विमानाने पाठवलेला होता! पंख पाण्याला घासला तेव्हा उंचीमापक सुमारे ९,७०० फूट दाखवत होता. विमानातले सर्व ७० जण मृत्युमुखी पडले.

कारण निघाले चिकटपट्टी. विमानाच्या अंगावर ‘स्टॅटिक पोर्ट’ नावाची बारीक छिद्रे असतात. वर जावे तसा हवेचा दाब घटतो. या छिद्रांतून तो मोजला की उंची कळते. पिटो नळीत समोरून घुसणाऱ्या हवेच्या दाबातून हाच दाब वजा केला की वेग मिळतो. म्हणजे छिद्रे बुजली की दोन्ही आकडे खोटे. सफाईच्या वेळी डावीकडच्या छिद्रांवर लावलेली पट्टी कामगाराने काढली नाही, पर्यवेक्षकाने तपासली नाही आणि उड्डाणापूर्वीच्या फेरीत कॅप्टनलाही दिसली नाही.

देखभाल कंपनीने करायची, विमान ठीक असल्याचा दाखला अभियंत्याने द्यायचा. तरीही आंतरराष्ट्रीय नियमानुसार, विमान उड्डाणयोग्य असल्याची कॅप्टनची खात्री पटल्याशिवाय उड्डाण सुरू करता येत नाही. म्हणून तो विमानाच्या नोंदवहीतल्या, म्हणजे टेक लॉगमधल्या, जुन्या तक्रारी वाचतो आणि विमानाभोवती फिरून टायर, ब्रेक, इंजिनाची पाती, तेलगळती पाहतो.

अर्थात, चंदेरी विमानावरची चंदेरी पट्टी रात्री दिसणार कशी? म्हणून विमान उभे असताना छिद्रांवर आणि नळ्यांवर घालायच्या झाकणांना लाल फिती लावतात. पण १८ जुलै २०१८ला ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचे एअरबस ए-३३० पिटो नळ्यांवरची झाकणे तशीच घेऊन उडाले. कुंभारमाश्यांनी नळ्यांत घरटी करू नयेत म्हणून ती घातली होती, फितीही होत्या. विमान सुखरूप उतरले, पण वैमानिकाची फेरी अपुरी होती, हे चौकशीत उघड झाले.

म्हणजे नुसती फेरी मारून भागत नाही. काय शोधायचे ते ठाऊक हवे. आणि मनात शंका असेल, तर अभियंत्याची सही असूनही विमान नाकारण्याचा अधिकार कॅप्टनला आहे. वेळापत्रक कोलमडले तरी तो वापरणे हे त्याचे कामच आहे.