छातीचा जुना फोटो जपून ठेवा

म्हसळा तालुक्यातल्या माणसाचं आजारपण तीन गावांत विखुरलेलं असतं. पावसाळ्यात ताप-खोकला झाला की आधी म्हसळ्यातच औषध. नाही उतरला तर माणगाव. पुढच्या वर्षी मुंबईला भावाकडे असताना पुन्हा न्यूमोनिया. दरवेळी डॉक्टर नवे, छातीचा फोटो (एक्स-रे) नवा, अँटिबायोटिकचा कोर्स नवा. दरवेळी माणूस बराही होतो, आणि घरचे म्हणतात, ‘याची छातीच नाजूक आहे.’

इथेच आपण फसतो. धडधाकट माणसाला एकदा न्यूमोनिया होऊ शकतो. पण मध्ये महिनाभर तरी पूर्ण बरं वाटून, फोटो स्वच्छ येऊन तो पुन्हा झाला, तर त्यामागचं कारण शोधायलाच हवं. शोधाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते: फोटोतला डाग त्याच जागी आहे, की दरवेळी वेगळ्या?

त्याच जागी असेल तर तिथे जाणारी श्वासनळी कुठेतरी अडली असल्याची शंका घ्यावी लागते. पलीकडचा कफ साचतो, त्यात जंतू वाढतात. औषधाने जंतू मरतात, अडथळा तिथेच राहतो. तो गाठीचा असू शकतो, जुन्या क्षयाच्या व्रणाचा असू शकतो, किंवा चक्क सुपारीच्या खांडाचाही. आपल्याकडे, रोठा सुपारीच्या श्रीवर्धनाशेजारी, हे लक्षात ठेवायलाच हवं. जेवणानंतर अडकित्त्याने कातरलेलं खांड तोंडात आहे, गप्पा रंगल्यात, जोराचा ठसका लागतो. पाठीवर थाप, घोटभर पाणी, आणि सगळे विसरून जातात. उजवी मुख्य श्वासनळी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असल्याने खांड बहुधा त्या बाजूला उतरतं. साध्या एक्स-रेत सुपारी सहसा दिसत नाही. सीटी स्कॅन आणि श्वासनळीत घालायची दुर्बीण लागते. जर्मनीत गुस्ताफ किलियान यांनी 1897 मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वासनळीतून हाडाचा तुकडा नळीतून पाहत काढला, तिथून दुर्बिणीचं हे तंत्र सुरू झालं. सुपारी एक्स-रेत दिसत नाही, म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा ठसकाही डॉक्टरांना सांगा.

डाग जागा बदलत असेल तर नजर सगळ्या शरीराकडे वळवावी लागते. लक्षात न आलेला मधुमेह, एचआयव्ही, रक्तातल्या रोगप्रतिकारक प्रथिनांची कमतरता, विडी-सिगारेट, दारूच्या गुंगीत किंवा झोपेत घशाशी येऊन फुफ्फुसात उतरणारं आम्लपित्त. यातल्या बऱ्याच गोष्टी रक्ताच्या तपासणीतून आणि मोकळ्या बोलण्यातून कळतात.

कधी तो न्यूमोनिया नसतोच. मुंबईच्या खोलीत खिडकीवर कबुतरं बसतात. त्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ काहींच्या फुफ्फुसांना सोसत नाही. ताप, खोकला, धाप, फोटोत डाग. गावी आलं की बरं वाटतं, परतलं की पुन्हा तेच. आपण गावच्या हवापाण्याचे गुण गातो. डॉक्टरांसाठी मात्र हीच मोठी खूण असते, आणि ती त्यांना कुणी सांगत नाही.

न्यूमोनिया समजला जातो तो कधी क्षयही असतो. त्याबद्दल तर स्पष्टच लिहितो. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक औषधं क्षयाच्या जंतूंवरही चालतात. पाच-सात दिवस घेतली की ताप उतरतो, क्षय झाकला जातो आणि निदान लांबतं. चिठ्ठीशिवाय ती दुकानातून आणू नका. बेडक्याची तपासणी करून घ्या. त्यासाठीचं ट्रूनॅट यंत्र तर शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे.

न्यूमोनिया दुसऱ्यांदा झाला असेल, वय पन्नाशीपुढचं असेल किंवा धूम्रपान असेल, तर बरं वाटल्यावरही सहा आठवड्यांनी फोटो काढा. वयस्कर माणसाचा डाग पुसायला बारा आठवडेही लागतात. हा बरा झाल्यावरचा फोटो फार मोलाचा, कारण मधला डाग खरंच गेला होता का, हे त्याशिवाय सांगता येत नाही. सगळ्या फिल्म एकाच पाकिटात, तारीखवार ठेवा, आणि कुठल्याही गावच्या डॉक्टरकडे जाताना ते पाकीट सोबत न्या. कपाट दमट नको. आपल्या पावसात फिल्म एकमेकींना चिकटतात.