हेलकावे किती आणि बिट किती?

इंटरनेटच्या तारेवर पुष्कळदा १०० मेगाहर्ट्झ असे छापलेले असते. विकणारा मात्र सांगतो की, हिच्यातून सेकंदाला १००० मेगाबिट जातात. ऐकणाऱ्यास वाटते, दोहोंपैकी एक आकडा लबाडीचा असला पाहिजे. वस्तुतः दोन्ही खरे आहेत. पहिला आकडा हेलकाव्यांचा, दुसरा अक्षरांचा.

मुळशीच्या तलावाचे पाणी भिऱ्याला उतरते आणि त्याची वीज होते. (त्या पाण्याखाली कोणाच्या जमिनी गेल्या, आणि १९२१ साली सेनापती बापटांसह मावळे सत्याग्रहाला कसे उभे राहिले, हे या तालुक्यात सांगावयास नको.) ही वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. प्रत्येक हेलकाव्यात एक चढ व एक उतार. आता चढाला १ म्हणा, उताराला ०. म्हणजे ५० हेलकाव्यांत १०० खुणा बसल्या. मोर्च्यात डावे आणि उजवे मिळून चालीचा एक फेरा होतो, पण पावले दोन पडतात, तसेच हे. या एकेका खुणेलाच बिट म्हणतात.

तेव्हा साध्या पद्धतीत वारंवारता बिटांच्या निम्मी. संगणकाच्या यूएसबी तारेची दुसरी पिढी सेकंदाला ४८० मेगाबिट नेते. १, ०, १, ० असा लागोपाठ बदल झाला तर तारेवर २४० मेगाहर्ट्झचा हेलकावा उठतो. १, १, ०, ० असे आले तर तो आणखी संथ होतो. पण खुणेच्या कडा टोकदार हव्यात, आणि टोकदारपणा तिप्पट, पाचपट वेगाच्या बारीक लहरींतून येतो. तार त्या गिळून टाकू लागली की कडा बोथट होतात व १ कोणता, ० कोणता हे ओळखणे कठीण जाते. म्हणून तार निम्म्या हिशेबाने बेताचीच घेऊन भागत नाही.

येथे जोडीच्या तारांचा प्रश्न येतो. एका तारेवर चढ असतो तेव्हा दुसरीवर उतार, आणि पलीकडचे यंत्र फक्त दोहोंमधील फरक पाहते. हलत्या एसटीत तराजू धरला तर दोन्ही पारडी सारखीच हिंदकळतात, पण जड पारडे कोणते ते दिसतेच. तसा बाहेरचा विद्युत् गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. मात्र तारा दोन म्हणून बिट दुप्पट होत नाहीत. दुसरी तार पहिलीचेच म्हणणे उलटे सांगते.

पिरंगुटच्या पट्ट्यातील एका कारखान्यात हेच न कळल्याने एका कामगाराच्या पगारावर गदा आली होती. १००० मेगाबिटच्या मागणीत त्याने १०० मेगाहर्ट्झची तार भरली, म्हणून दहापट हलका माल दिला असा ठपका! मी साहेबांसमोर कागदावर हिशेब मांडला. १९९९ साली ठरलेल्या प्रमाणानुसार त्या तारेत चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीवर सेकंदाला १२.५ कोटी खुणा जातात, म्हणजे हेलकावे जास्तीत जास्त ६२.५ मेगाहर्ट्झ. शिवाय खूण केवळ उंच वा खोल नसते, तिच्या पाच पायऱ्या असतात. त्यामुळे एका खुणेत दोन बिट बसतात. १२५ गुणिले २ गुणिले ४, झाले १०००. नोटीस मागे घेतली गेली.

छापील वेग सगळाच पदरात पडतो असेही नाही. यूएसबीच्या तिसऱ्या पिढीत तारेवरून सेकंदाला ५ गिगाबिट जातात, परंतु दर आठ बिटांमागे दहा पाठवावे लागतात. एकच खूण फार वेळ राहिली तर घेणाऱ्या यंत्राची मोजणी चुकते. हाती उरतात ४. पगारपत्रकावरचा आकडा आणि पाकिटातली रक्कम यांतील अंतर ज्याला ठाऊक आहे, त्याला हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. हेलकावे मात्र पाचाच्याच हिशेबाने मोजायचे, म्हणजे २.५ गिगाहर्ट्झ; कारण कापून गेलेला पाचवा हिस्साही तारेवरून धावलेलाच असतो.