सेकंडहँड एसयूव्ही घेतलीत? कोणतं ऑईल कधी बदलायचं, समजून घ्या सोप्या भाषेत

श्रीरामपूरमध्ये एमएच-१७ पासिंगच्या जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, डस्टर, ब्रेझा यांना नेहमीच गिऱ्हाईक असतं. घरात माणसं जास्त, शेताचा रस्ता कच्चा, वर्षातून दोन-तीनदा लांबचा प्रवास. मग नव्या छोट्या कारच्या पैशात जुनी मोठी गाडी घेतलेली परवडते, असा हिशोब होतो. हिशोब चुकीचा नाही. फक्त त्यात एक खर्च धरायचा राहून जातो. गाडी जुन्या किमतीत मिळते, पण तिचं ऑईल, फिल्टर आणि ब्रेकचे भाग मोठ्या गाडीचेच असतात, आणि ते शेवटचे कधी बदलले हे आपल्याला माहीत नसतं.

आजच्या लेखात बघूया की जुन्या एसयूव्हीत कोणकोणती द्रवं असतात, ती खराब का होतात, कधी बदलायची आणि हे सगळं मोबाईलवर लक्षात कसं ठेवायचं.

आधी 'शून्य' ठरवा

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ऑईल इतक्या किलोमीटरला बदला. पण हे किलोमीटर मोजायचे कुठून? नव्या गाडीत ते शून्यापासून सुरू होतात. तुमच्या गाडीच्या मीटरवर समजा ९२,००० किमी आहेत. ब्रेक ऑईल ६०,००० ला बदललं की कधीच नाही, हे मीटर सांगत नाही.

म्हणून सरळ नियम ठेवा. ज्या कामाचं बिल किंवा नोंद आहे, ते काम झालेलं धरा. ज्याची नोंद नाही, ते झालेलं नाही असं धरा. 'मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग केलंय' हे शब्द म्हणजे नोंद नव्हे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झालेल्या कामाची माहिती तिथे गाडीच्या नंबरवर असते. आरसी दाखवून ती मागा. मीटर मागे फिरवलं असेल तर तेही बऱ्याचदा इथेच उघडं पडतं.

किलोमीटर आणि तारीख, दोन्ही बघायचं

प्रत्येक द्रवाला दोन मुदती असतात, किलोमीटर आणि महिने. जी आधी येईल ती पाळायची. समजा ऑईल १०,००० किमी किंवा १ वर्षाला बदलायचं आहे आणि गाडी महिन्याला ६०० किमी चालते. वर्षात झाले ७,२०० किमी. म्हणजे किलोमीटर संपायच्या आधी तारीख येते. गाडी दारात उभी असली तरी ऑईलचं वय वाढतच असतं.

शिवाय बहुतेक मॅन्युअलमध्ये 'सिव्हिअर' म्हणजे खडतर वापराचं वेगळं, कमी अंतराचं वेळापत्रक असतं. धूळ, छोट्या फेऱ्या, ओझं ओढणं हे सगळं त्यात येतं. उसाच्या ट्रॉल्यांमागून धुळीत जाणारी आणि घर ते बाजार अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी गाडी याच गटात बसते. छोट्या फेरीत इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे आत साठलेली वाफ आणि न जळलेलं इंधन ऑईलमध्येच राहतं.

कोणतं द्रव कधी बदलायचं?

खालचे आकडे सर्वसाधारण आहेत. शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा.

• इंजिन ऑईल आणि ऑईल फिल्टर: १०,००० किमी किंवा १ वर्ष. खडतर वापर असेल तर ७,००० ते ८,००० किमी. डिझेल गाडीचं ऑईल बदलल्यावर लगेच काळं दिसतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून खराब ठरवू नका. ऑईलची पट्टी बघायची ती गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. खुणेच्या वर भरलेलं ऑईलही नुकसान करतं.

• ब्रेक ऑईल: साधारण २ वर्षं, गाडी कितीही कमी चालली असली तरी. गॅरेजमध्ये याला ऑईल म्हणतात, पण हे तेल नाही. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट-४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरलं की तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. सलग ब्रेक दाबत उतरताना ब्रेक तापतात, आतलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून आत जातं. चंदनापुरी किंवा माळशेज घाटाच्या उतारावर, गाडीत सात माणसं असताना, हे घडायला नको. मोठ्या एसयूव्हीचं वजन जास्त, म्हणून ब्रेकवरचा ताणही जास्त. या यादीतलं हे सगळ्यात स्वस्त कामांपैकी एक आहे आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारंही.

• कूलंट: प्रकारानुसार २ ते ५ वर्षं. कूलंटचं काम फक्त इंजिन थंड ठेवणं नाही. ते आतला गंज रोखतं आणि उकळण्याचं तापमान वाढवतं. प्रवरेच्या कालव्यांवरचा आपला पट्टा बागायती आहे, पण बऱ्याच बोअरचं पाणी क्षारांचं. घरातल्या गीझरमध्ये जसा पांढरा थर जमतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो. म्हणून तयार मिसळलेलं कूलंट वापरा, किंवा घट्ट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. हिरवं, लाल, निळं हे फक्त रंग आहेत, त्यावरून प्रकार ठरत नाही. बाटलीवरचं स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी जुळवा. आणि गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका.

• डिझेल फिल्टर: साधारण २०,००० किमी. याच्या तळाशी पाणी साठतं आणि ते काढून टाकायची सोय असते. पावसाळ्यात हे नक्की करून घ्या. शेतपंपासाठी कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल गाडीत ओतू नका. त्यातलं थोडंसं पाणीही महागड्या इंजेक्टरला पुरतं.

• गिअर ऑईल: मॅन्युअल गिअरबॉक्सला साधारण ४०,००० ते ६०,००० किमी. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत मागच्या डिफरन्शिअलचं ऑईल वेगळं असतं, आणि फोर बाय फोर असेल तर ट्रान्स्फर केसचंही. बिलावर तिन्ही वेगवेगळी लिहून घ्या. खालच्या शाफ्टच्या क्रॉसला ग्रीसिंगची सोय असेल तर तेही सांगा.

• ऑटोमॅटिकचं ऑईल: 'आयुष्यभर बदलायची गरज नाही' असं कोणी म्हणालं तरी मॅन्युअलमधलं खडतर वापराचं पान वाचा. इथे कंपनीने सांगितलेलंच ऑईल लागतं, दुसरं चालत नाही.

• स्टेअरिंग ऑईल: फक्त हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगला. इलेक्ट्रिक स्टेअरिंग असेल तर हा खर्चच नाही. त्यामुळे बिलात दिसलं तर विचारा.

बीएस-६ डिझेल असेल तर

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जाळण्यासाठी जास्तीचं डिझेल सोडलं जातं. सतत छोट्या फेऱ्या मारल्या तर ही सफाई अर्धवट राहते आणि थोडं डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरतं. पट्टीवर ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑईल बदला. या गाड्यांना कमी राख सोडणारं खास ऑईल लागतं, त्यामुळे जुन्या बोलेरोसाठी आणलेला डबा इथे चालत नाही.

काही गाड्यांत डीईएफ नावाचं वेगळं द्रव लागतं. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. 'युरिया तर घरात गोणीभर आहे' असं वाटेल, पण शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो आणि तो इतका शुद्धही नसतो. तो टाकला तर पंप आणि पुढची महागडी यंत्रणा खराब होते. सीलबंद डीईएफच घ्या.

टायमिंग बेल्ट विसरू नका

हे द्रव नाही, पण जुनी गाडी घेतल्यावर सगळ्यात आधी विचारायची गोष्ट आहे. डस्टरच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट असतो. ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेलमध्ये साखळी असते. बेल्टला मुदत असते. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं. नोंद नसेल तर बेल्ट आधी बदला, लांबचा प्रवास नंतर.

मोबाईल कुठे कामाला येतो?

एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत कळते.

दुसरं साधन म्हणजे ब्लूटूथवर चालणारं छोटं ओबीडी यंत्र. ते स्टेअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये बसतं आणि ॲपवर एरर कोड, इंजिनचं तापमान, बॅटरीचं व्होल्टेज दाखवतं. गाडी घेण्यापूर्वी यात एक आकडा जरूर बघा, कोड पुसल्यापासून गाडी किती किमी चालली तो. बऱ्याच गाड्यांत तो दिसतो. विकणारा म्हणतो काही प्रॉब्लेम नाही आणि कोड कालच पुसलेले आहेत, तर काय समजायचं ते तुम्हीच ठरवा. पण ब्रेक ऑईलचं वय किंवा कूलंटमधला गंज हे यंत्र सांगत नाही. तिथे झाकण उघडूनच बघावं लागतं.

तिसरं साधन मोबाईलमध्ये आधीच आहे. गुगल शीट्समध्ये पाच रकाने करा: काम, तारीख, किलोमीटर, वापरलेल्या ऑईलचं नाव, पुढची मुदत. प्रत्येक बिलाचा आणि मीटरचा फोटो एका अल्बममध्ये ठेवा. कॅलेंडरमध्ये पुढच्या तारखेचा रिमाइंडर लावा. उद्या गाडी विकताना हीच शीट तुम्हाला चांगला भाव मिळवून देईल.

सगळं एकदम परवडत नसेल तर हा क्रम ठेवा

१. पहिल्या आठवड्यात: ब्रेक ऑईल, ब्रेक पॅड आणि टायरची तपासणी. टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

२. त्याच फेरीत: इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर. बेल्टवाली गाडी असेल तर बेल्टची चौकशी.

३. पहिल्या महिन्यात: कूलंट आणि डिझेल फिल्टर.

४. तीन महिन्यांत: गिअर, डिफरन्शिअल आणि गरज असल्यास स्टेअरिंग ऑईल.

गॅरेजला जाताना मॅन्युअलमधल्या ऑईलच्या पानाचा फोटो सोबत न्या, ऑईलचे डबे आपल्यासमोर फोडायला सांगा आणि काढलेला जुना फिल्टर बघून घ्या. चांगला मेस्त्री याचा राग धरत नाही. उलट गिऱ्हाईक लक्ष देतंय म्हटल्यावर तो गाडीतल्या चार गोष्टी जास्त सांगतो.

तुमच्या ओळखीत कोणी जुनी एसयूव्ही घ्यायच्या तयारीत असेल, तर व्यवहार व्हायच्या आधी हा लेख त्याला नक्की पाठवा. टायमिंग बेल्ट आणि ब्रेकचा खर्च आधी कळला, तर तो किमतीत कमी करून मागता येतो.