एफवायच्या मुलांच्या हाती टेप द्या

साताऱ्याहून एका वाचकांचं पत्र आलं. त्यांच्या मुलीने यंदा एफवायला भूशास्त्र घेतलंय. ते विचारतात, ‘पहिल्या वर्षी नुसती खडकांची नावं पाठ करायची आणि संशोधन एमएस्सीनंतर, असंच असतं का? तोवर तिची गोडी टिकेल का?’ याचं उत्तर चार ओळींत उरकणं माझ्याच्याने होणार नाही.

रीत तशीच आहे खरी. नव्या शैक्षणिक धोरणातही संशोधनाची पदवी चौथ्या वर्षी, आणि तीही पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना. आधी पाया पक्का करा, मग संशोधन, असा त्यामागचा विचार. भूशास्त्रापुरता तरी मला तो पटत नाही. आपल्या विषयात ज्यांची उत्तरं अजून कुणी काढलेली नाहीत असे प्रश्न रस्त्याच्या कडेला उघडे पडलेत. त्यांतल्या कित्येकांना टेप, भिंग आणि वही यापलीकडे काही लागत नाही.

एक उदाहरण सविस्तर देतो. पुण्यापासून संगमनेरपर्यंतच्या पट्ट्यात कुठलीही बंद पडलेली दगडखाण गाठा आणि मालकाला विचारून आत जा. भिंतीत पाहोएहोए, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाच्या, लाव्ह्याच्या जिभा एकमेकींवर रेललेल्या दिसतील. त्यांतली एक निवडा आणि तळापासून वर पाहत जा. अगदी तळाशी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या उभ्या नळ्या असतात, पांढऱ्या नाहीतर हिरवट खनिजाने भरलेल्या. त्या दिसल्या की जिभेचा तळ सापडला. कधी कधी या नळ्या एका बाजूला कललेल्या असतात, आणि त्यावरून लाव्हा कुठल्या दिशेने सरकत होता याचा अंदाज बांधता येतो. त्यांच्या वर घट्ट काळा पाषाण. आणखी वर गेलं की फुगे दिसू लागतात, आधी विरळ, मग दाट, आणि माथ्याजवळ बारीक बारीक होत गेलेले. या फुग्यांच्या थराची जाडी टेपने मोजायची, एवढंच काम.

एवढ्याशा मोजमापातून काय निघतं ते बघा. अशी जीभ पसरते तेव्हा सुरुवातीला जेमतेम वीसतीस सेंटिमीटर जाड असते. वरचं कातडं थिजतं, आतून लाव्हा येतच राहतो आणि तव्यावरच्या भाकरीसारखी ती टम्म फुगते. कवच वरून खाली जाड होत जातं आणि वर चढणारे फुगे त्यात अडकत जातात. लाव्ह्याचा पुरवठा थांबला की उरलेला गाभा शांतपणे थिजतो आणि त्यात फुगे फारसे राहत नाहीत. म्हणजे फुग्यांच्या थराची जाडी हीच पुरवठा किती काळ चालू होता याची नोंद झाली. हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीवर हॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत लाव्ह्यावर मापं घेऊन १९९४ साली याचं सूत्र छापलं : कवचाच्या मीटरमधल्या जाडीचा वर्ग करा, त्याला १६४.८ ने गुणा, की तास मिळतात. एक मीटर कवच म्हणजे सुमारे सात दिवस. तीन मीटर म्हणजे दोन महिने.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दगड, आणि बारावी होऊन नुकताच आलेला मुलगा सांगतोय की ही जीभ दोन महिने फुगत होती! त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी अनेक बॅचमध्ये पाहिलाय आणि अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याच जिभेवर दोन गटांना वेगवेगळं पाठवा. एक गट सांगतो १.२ मीटर, दुसरा १.५. फरक अवघा वीतभराहून थोडा अधिक, पण वर्ग केल्यावर एकाचे दहा दिवस होतात आणि दुसऱ्याचे साडेपंधरा. मग वाद पेटतो. फुगे हळूहळू विरळ होतात, तर थर कुठे संपला म्हणायचा? तळहाताएवढ्या जागेत किती फुगे असले तर ‘दाट’? माथा पुढचा लाव्हा येण्याआधीच झिजून गेला असेल तर? तसं असेल तर आपलं उत्तर हे किमान उत्तर झालं. तेव्हा पाऊस पडत असेल तर? कवच लवकर जाड झालं असणार, म्हणजे दिवस कमी भरतील. हे प्रश्न मुलं आपणहून विचारतात. शिक्षकाने फक्त आपलं उत्तर पटकन सांगून टाकायचं नाही. तीन वर्षांच्या व्याख्यानांत ‘अनिश्चितता’ या धड्याने जे साधत नाही ते इथे एका दुपारी साधतं.

हे फक्त माझं वेड नाही. अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या भूशास्त्र विभागांनी १९८७ मध्ये केक भूशास्त्र संघ उभा केला, पदवीच्या मुलांनी खरं संशोधन करावं म्हणून. पुढे त्यांनी पहिलं वर्ष नुकतंच संपवलेल्या मुलांसाठीही वेगळे प्रकल्प सुरू केले. विषय निवडायचा की सोडायचा हे त्याच सुमारास ठरतं, हे त्यांनी ओळखलं.

शिक्षक मित्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इंग्लंडमधल्या चार्नवुडच्या जंगलात १९५६ साली टीना नेगस या शाळकरी मुलीला खडकावर पानासारखा ठसा दिसला. तिने भूगोलाच्या बाईंना सांगितलं. कॅम्ब्रियनपूर्व खडकांत जीवाश्म नसतात, असं उत्तर मिळालं आणि विषय संपला. पुढच्याच वर्षी रॉजर मेसन या मुलाला तिथेच तोच ठसा दिसला. वडिलांच्या ओळखीतून ही गोष्ट लेस्टर विद्यापीठातल्या ट्रेव्हर फोर्ड यांच्या कानावर गेली. त्यांनाही ते पटेना, पण ते उठून पाहायला गेले. १९५८ मध्ये त्यांनी ‘चार्निया मेसोनी’ हे नाव छापलं आणि गुंतागुंतीच्या सजीवांचा इतिहास मागे सरकला. मेसन पुढे भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. दोन्ही मुलांची नजर सारखीच तीक्ष्ण होती. फरक पडला तो मोठ्या माणसाने जागेवर जाऊन पाहिल्यामुळे.

तेव्हा साताऱ्याच्या वाचकांना माझं सांगणं : मुलीला पाच मीटरचा टेप आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन द्या. हातोड्याची घाई नको, मोजायला दगड फोडावा लागत नाही. वाहत्या रस्त्याच्या कापात उभं राहायचं नाही आणि सैल दरडीखाली तर मुळीच नाही.

आणि शिक्षकांनी एवढं करावं. विभागात एक जाड वही ठेवा. जागा, तारीख, मोजणाऱ्यांची नावं, जिभेची एकूण जाडी, फुग्यांच्या थराची जाडी आणि ती हद्द कशावरून ठरवली, असे रकाने आखा. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पुढच्या जूनमध्ये नवी बॅच आली की तिला नवी खाण दाखवू नका, त्याच खाणीत न्या आणि आधीच्या बॅचचे आकडे तपासायला सांगा. सीनियरांची चूक काढायची म्हटल्यावर मोजणी किती काळजीने होते ते बघालच. चारपाच वर्षांत त्या वहीत जे जमेल ते छापण्याजोगं असेल, आणि त्यातले पहिले आकडे एफवायच्या मुलांनी घेतलेले असतील.