नवी तार का उतरते?

मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी नवी तार सारखी उतरते, ही गिऱ्हाइकाची तक्रार आहेच, आणि बोल लागतो कारागिराला. दोष बहुधा वेढ्यांचा असतो.

तारेचे टोक खुंटीच्या भोकात ओवून पहिला वेढा त्या टोकावरूनच घ्यावा, म्हणजे ते दाबले जाते. पुढचे वेढे तार ताणून, एकाला एक खेटून घालावेत. एकावर एक चढले की सरकतात. कांडीवर सैल भरलेले सूत मागावर किती छळते, हे आम्ही कापडवाले जाणतोच.

मग तार सुरात आणून बोटाने हलकी ओढावी, पुन्हा लावावी, असे चार-पाच वेळा. खुंटीच घसरत असेल तर काढून खडू चोळावा. हे गिऱ्हाइकासमोरच करावे. त्याचा हेलपाटा वाचतो.